ऑफिसबाहेरचा कट्टा कसा जमवायचा

सोलापूरच्या पूर्व भागात बिडी वळणाऱ्या बायका आणि त्यांच्या पोरांबरोबर मी चौदा वर्षं काम करते. संस्थेत मला 'रिपोर्ट झाला का' हे रोज विचारतात, 'जेवलीस का' क्वचित. म्हणून चार संस्थांतल्या आम्ही नऊ जणी महिन्यातून एकदा बसतो. तुम्हाला असा कट्टा जमवायचा असेल तर आधी आमच्या चुका ऐका.

सुरुवात आम्ही व्हॉट्सॲप ग्रुपने केली. सकाळी फुलं, दुपारी भरतीच्या जाहिराती. एका रात्री एकीनं पगार तीन महिने थकल्याचं लिहिलं, आणि सकाळी त्याचा स्क्रीनशॉट तिच्या साहेबांच्या फोनवर! ती पुन्हा कधी आली नाही. आता ग्रुपवर फक्त तारीख, वेळ, जागा. बाकी सगळं तोंडी.

माणसं वेगवेगळ्या संस्थांतली घ्या, दहाच्या आत. एकाच संस्थेतल्या असल्या की ऑफिसचं राजकारण चहाबरोबर येतंच. साहेब नकोत, आणि जिची रजा तुम्ही मंजूर करता तीही तुमच्या गटात नको. मी स्वतः कोऑर्डिनेटर आहे, त्यामुळे माझ्या दोन्ही फील्डवर्कर दुसऱ्या गटात बसतात. तिथं माझ्याबद्दल काय बोलतात ते मी विचारत नाही. (विचारावंसं वाटतं, खोटं कशाला सांगू.)

आम्ही सिद्धेश्वर तलावाकाठी बसतो. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत ते जमत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये ऊन उतरल्याशिवाय कुणी येत नाही. तारीख ठरवताना प्रत्येकीच्या भागात नळाला पाणी कधी येणार ते विचारा. पाण्याच्या दिवशी बोलावलंत तर एकटीच बसाल. महिनाअखेरही टाळा, रिपोर्ट असतात.

बसल्यावर एकीनं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सगळ्यात अवघड हेच. आम्ही समाजकार्यवाले, सल्ला दिल्याशिवाय घास उतरत नाही. एकदा एक जण न थांबवता आलेल्या बालविवाहाबद्दल सांगत होती. तिघी तुटून पडल्या: 1098 ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केलास का, ग्रामसेवकाला कळवलंस का? तिनं सगळं केलं होतं. तिला एवढंच सांगायचं होतं की ती मुलगी लग्नाच्या आदल्या दिवशी उसना घेतलेला कंपास परत द्यायला आली होती. तेव्हापासून आम्ही आधी विचारतो, "अक्का, सल्ला पाहिजे का नुसतं ऐकू?"

बाईचं, मुलाचं नाव, गल्ली, शाळा काही सांगायचं नाही. आणि 'इथलं इथंच राहील' असं सरसकट वचन देऊ नका. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागतं, कट्ट्यावर कळलं तरी. नवीन बाई आली की पहिल्याच दिवशी तिला हे सांगा.

संस्थेतल्या कुणी लैंगिक त्रास दिल्याची गोष्ट निघाली तर न्यायनिवाडा करत बसू नका. तो कट्ट्याचा घास नाही. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं संस्थेत अंतर्गत समिती हवी. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार जाते. अर्ज लिहायला मात्र तिच्या शेजारी बसा. कुणी 'जगावंसं वाटत नाही' म्हणाली तर तिथंच, तिच्यासमोर टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 लावा. फोन चोवीस तास लागतो, पैसे पडत नाहीत. आणि त्या रात्री तिला एकटी घरी पाठवू नका.

चहाचे पैसे पाळीपाळीनं द्या. निधी घेऊ नका; निधी आला की हजेरीपत्रक आणि बॅनरपुढचा फोटो आलाच.

एखाद्या महिन्यात दोघीच आल्या तरी बसा. गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघीच होतो. तिनं डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी आणलेली. कामाचा विषयच निघाला नाही. उठताना मी तिला पुढच्या महिन्यातला पाण्याचा दिवस विचारला.