एकटं वाटलं तर आधी जेवून घ्या

मी वसईची, नर्स. नाईट ड्युटीसाठी माहीमला खोली घेऊन राहते. सकाळी कुलूप उघडलं की आत कोणी नसतं, आणि तेव्हाच मन खचतं. अशा वेळी लगेच गुडघे टेकायला जाऊ नका. आधी जेवा. बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याचं बघा (१ राजे, अध्याय १९): जीव वाचवायला रानात पळाला, झाडाखाली बसून मरण मागू लागला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर, पाण्याचा तांब्या आणि "ऊठ, खा." तो खाऊन परत झोपला, तर दूताने पुन्हा उठवून खायला लावलं! पुढे "मी एकटाच उरलो" म्हणाला तेव्हा देवाने सांगितलं, अजून सात हजार आहेत.

पोटात काही गेलं की बायबलमधलं स्तोत्र वाचा, मोठ्याने. शेजारी ऐकतील, ऐकू देत. सगळे धीर देणारं २३ वं सांगतात. मी ८८ वं सांगेन. ते अंधारातच संपतं, म्हणजे देवापुढे हसरा चेहरा करायची गरज नाही.

बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चला नोव्हेनाला, म्हणजे दर आठवड्याच्या खास प्रार्थनेला जा. १९४८ पासून चालू आहे. गर्दीत घुसमटत असाल तर मागच्या बाकावर बसा, पण मिस्सा (चर्चमधली उपासना) संपताच पळू नका. शेजारच्या बाईला नाव विचारा. पहिल्यांदा जड जातं.

जगणंच नकोसं वाटत असेल तर फादरांशी बोला आणि १४४१६ लाही (टेलि-मानस, सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) फोन लावा. प्रार्थना चालू ठेवून डॉक्टरकडे जाता येतं.