परकीय गुंतवणुकीचा कायदा करताना या चुका टाळा

कायदा झाला, करसवलती जाहीर झाल्या, सगळ्या परवानग्या एकाच ठिकाणी देणारी ‘एक खिडकी’ही उघडली; तरी कारखाने येत नाहीत. अशा वेळी सरकारे सवलत आणखी वाढवतात आणि तिथेच फसतात. करमाफी नफा कमावणाऱ्याच्या कामाची. ज्याची जमीन किंवा वीजजोडणी अडकली आहे, त्याला माफी कशाची देणार? शिवाय 2021 मध्ये 130हून अधिक देशांनी मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी 15 टक्के किमान कर मान्य केला. अनेक देशांत तो आता लागूही झाला आहे, त्यामुळे तुम्ही सोडलेला कर दुसरा देश वसूल करू शकतो.

एक खिडकीचे दुखणे सोपे आहे: खिडकीवरच्या अधिकाऱ्याला सही करण्याचा अधिकार आहे, की तो फाईल पुढे ढकलतो? अधिकार नसेल, तर आधीच्या दहा खिडक्यांत अकरावीची भर पडली. मुदतीत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे धरण्याची तरतूद उपयोगी पडते, पण पर्यावरण आणि कामगार सुरक्षेला ती लावू नका.

सर्वांत महाग चूक द्विपक्षीय गुंतवणूक करारात, म्हणजे एकमेकांच्या गुंतवणूकदारांना संरक्षण देण्याच्या दोन देशांमधल्या करारात होते. हे करार अनेकदा राजनैतिक भेटीची शोभा म्हणून घाईने केले जातात. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीचे प्रकरण प्रत्येक विधी विभागाने वाचावे. कंपनीच्या बाजूने लागलेला लवाद निवाडा भारतीय न्यायालयांत वर्षानुवर्षे अडकला. कंपनी भारत-ऑस्ट्रेलिया कराराखाली आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेली. त्या करारातील ‘मोस्ट फेवर्ड नेशन’ कलमाचा आधार घेऊन तिने भारत-कुवेत करारातली अधिक अनुकूल तरतूद मागितली आणि 2011 मध्ये भारत हरला. म्हणजे एका देशाला दिलेला शब्द दुसऱ्या देशाची कंपनीही मागू शकते. म्हणून नवा करार करताना जुने सगळे करार शेजारी ठेवून कलमे ताडून पाहा. आणि मला याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की कोर्टातली दिरंगाई करार सुधारून जात नाही. व्यापारी खटल्यांसाठी पुरेसे न्यायाधीश नेमावेच लागतात.

पूर्वलक्षी कर, म्हणजे होऊन गेलेल्या व्यवहारांवर मागाहून कर, लावू नका. भारताने 2012 मध्ये लावला, 2021 मध्ये मागे घेतला. दरम्यान या करावरून व्होडाफोन आणि केर्न या परकीय कंपन्यांनी नेलेली दोन्ही लवाद प्रकरणे भारताच्या हातची गेली.

फीत कापल्यावर कंपनीला विसरणे ही शेवटची चूक. दक्षिण कोरियात 1999 पासून परकीय गुंतवणूकदारांसाठी लोकपाल आहे. कंपनीची अडचण तो संबंधित मंत्रालयाकडे नेतो, म्हणजे भांडण लवादापर्यंत पोहोचण्याआधी सुटण्याची संधी मिळते. असे पद निर्माण कराल, तर त्याच्या पत्राला किती दिवसांत उत्तर द्यायचे, हे कायद्यातच लिहा.