कडी आतून घालू नका

दिल्लीत निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत समुपदेशक म्हणून लागले, तेव्हा ठाण्याच्या आत्याने विचारलं, "निर्वासित म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्पातले सिंधी का गं?" प्रश्न अगदीच वावगा नव्हता. पण फाळणीनंतर आलेली ती माणसं इथली नागरिक झाली. माझ्याकडे येणारे अफगाण, म्यानमारमधल्या चिन जमातीचे लोक; त्यांतले बरेच जण छळ सोसून आलेले. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. यूएनएचसीआरचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्ड, बहुतेकदा एवढाच त्यांच्या हातातला कागद.

या कामात येऊ पाहणाऱ्यांना पहिल्या आठवड्यातली माझी चूक आधी सांगते. गोपनीयता पाळायची हे डोक्यात पक्कं, म्हणून दाराची कडी घातली. खट्‌. समोरचा माणूस उठून उभाच राहिला, कपाळावर घाम. दुभाषा हळूच म्हणाला, "मॅडम, कडी काढा." मग खोलीकडे नीट पाहिलं. मध्ये टेबल, हातात फॉर्म, लागोपाठ प्रश्न: वडिलांचं नाव, कधी पकडलं, कोणी पकडलं. पोलिसी चौकशीत वेगळं काय असतं?

तेव्हापासून खुर्ची कुठे ठेवायची ते येणाऱ्याला ठरवू देते. बहुतेक जण दार दिसेल अशीच ठेवतात.

दुभाषा हा या कामाचा निम्मा जीव. नवरा किंवा शाळकरी मुलगी दुभाषा म्हणून चालवून घेऊ नका, कितीही घाई असो. त्याच वस्तीतला असेल तर आधी विचारा, चालेल का म्हणून. आणि सत्र संपल्यावर त्याच्यासोबत चहा घ्या. ऐकलेलं सगळं आधी त्याच्या तोंडातून गेलेलं असतं.

शरीराकडेही लक्ष हवं. तळपायांवर मारहाण झालेल्याला वर्षांनंतरही चालताना दुखतं, वरून वळ काही दिसत नाही. विजेचे झटके सोसलेला माणूस ईसीजीच्या वायरी पाहून बिथरू शकतो. डॉक्टरांना आधी कल्पना द्या, जमलं तर सोबत जा. छळाच्या खुणांची नोंद करायची रीत इस्तंबूल प्रोटोकॉल या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शिकेत आहे. वाचा जरूर, पण ते दाखले डॉक्टर-वकिलांच्या उपयोगाचे. आपण पुरावे गोळा करायला बसलेलो नाही.

शिक्षण? मानसशास्त्रातलं एम.ए. किंवा समाजकार्यातलं एमएसडब्ल्यू, पण नुसत्या पदवीवर थेट इथे उडी नको. मी आधी ठाण्याच्या मनोरुग्णालयात इंटर्नशिप केली. 1901 सालच्या त्या जुन्या आवारात एक गोष्ट शिकले, माणसाशेजारी गप्प बसायला.

आता ठाण्यात, पाचपाखाडीतल्या घरून फोनवर सत्रं घेते. पहिला प्रश्न ठरलेला: "आत्ता खोलीत कोण कोण आहे?" एका खोलीत सहा-सात जण राहतात, मग बोलणारा गच्चीवर जातो.

तो कडीवाला माणूस पुढच्या आठवड्यात परत आला. खुर्ची स्वतःच ओढून दाराशी बसला. घरमालक भाडं वाढवतोय, मुलीला शाळेत घेत नाहीत, एवढंच बोलला. मी शाळेला फोन केला, दोनदा गेलेही. 'कोठडी' हा शब्द त्याच्या तोंडून आला तो चौथ्या महिन्यात.