अंगणातला रानफुलांचा वाफा: या चुका टाळा

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कासचं पठार बघून आलेली माणसं परत आल्यावर हमखास विचारतात, "असं थोडंसं घरी लावता येईल का हो?" येतं. साताऱ्यात आमच्या घरामागे 10 फूट बाय 6 फुटांचा वाफा आहे. तेरडा, कुर्डू, खुळखुळा, सोनकी, मधे मधे कारळा आणि कुंपणावर गोकर्ण. जुलैपासून दिवाळीपर्यंत तिथे रोज काहीतरी उमललेलं असतं. पण पहिली दोन वर्षं त्या जागेत हिरव्या पाल्याशिवाय काही दिसलं नाही. काय चुकत होतं ते हळूहळू कळत गेलं. आता नव्याने वाफा करणाऱ्या घरी गेलो की त्याच चुका पुन्हा दिसतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

मुळातली चूक एकच असते. गुलाब-जास्वंदीची जशी काळजी घेतो, तशीच रानफुलांची घ्यायची असं आपण धरून चालतो. बाकीच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

खत घालणं

वाफा करायचा म्हटलं की आपण आधी माती "तयार" करतो. शेणखताच्या दोन पाट्या, गांडूळखत, वर मूठभर युरिया. मीही हेच केलं होतं. तेरडा कमरेएवढा वाढला, पानं हिरवीगार, दांडे पाणीदार आणि लुसलुशीत. पहिला जोराचा पाऊस आला आणि सगळा तेरडा आडवा झाला. फुलं मोजकीच आली, तीही पानांआड.

कासकडे एकदा या नजरेने बघा. तिथे जांभ्याच्या कातळावर मातीचा पातळ थर आहे, काही ठिकाणी तर बोटभरसुद्धा नाही. पावसाने धुऊन धुऊन तिच्यात नत्र फारसं उरलेलं नाही. सीतेची आसवं आणि दवबिंदू या वनस्पती तिथे बारीक जीव पकडून खातात त्या याचसाठी, मातीतून मिळत नाही ते कीटकांतून मिळवतात. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या जागांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत असलेलं हे पठार मातीच्या हिशेबाने दरिद्री आहे, आणि तरी सप्टेंबरात तिथे फुलांमुळे जमीन दिसत नाही. माती सकस झाली की फायदा आधी गवत घेतं, कारण गवत भराभर वाढतं. फुलझाडाला पाला वाढवायची संधी मिळते आणि फुलायची घाई राहत नाही.

म्हणून खत अजिबात घालू नका. जागा पूर्वी भाजीची असेल आणि माती खतावलेली असेल, तर वरची चार बोटं माती काढून कुंड्यांना वापरा आणि तिथे मुरूम, जाडी वाळू नाहीतर विटांचा चुरा मिसळा. देशावरच्या काळ्या मातीत हे फारच गरजेचं आहे. ती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात, आणि ऑक्टोबरात तिला भेगा पडल्या की राहिलेली मुळं तुटतात. वाफा जमिनीपासून वीतभर उंच घ्या आणि एका बाजूला किंचित उतार द्या. कोकणातल्या तांबड्या मातीत एवढा खटाटोप लागत नाही.

पाकिटावरचं चित्र बघून बी घेणं

"वाइल्डफ्लॉवर मिक्स" नावाची पाकिटं हल्ली सगळीकडे मिळतात. चित्रात पॉपी, कॉर्नफ्लॉवर, डेझी असतात. ही युरोप-अमेरिकेच्या थंड हवेतली फुलं. जूनच्या पावसात पेरली की आठवड्यात कुजतात. त्यांचीच हौस असेल तर पावसाळा पूर्ण सरल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरात पेरा, थंडीत नीट येतील. पण तो हिवाळी फुलांचा वाफा झाला, रानफुलांचा नाही. आपली मधमाशी आणि आपली फुलपाखरं ज्या झाडांवर वाढली, ती झाडं त्यात नसतात.

याच पाकिटांत पिवळा-केशरी कॉसमॉसही असतो. तो मूळचा मेक्सिकोचा. दिसतो सुंदर, उगवतो सहज, आणि कुंपण ओलांडून बाहेर पडतो. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर आणि घाटरस्त्यांच्या कडेला सप्टेंबर-ऑक्टोबरात जे पिवळे पट्टे दिसतात, त्यांतले बरेच याचे असतात. लोक थांबून फोटो काढतात, पण त्या जागी पूर्वी सोनकी आणि स्मिथिया ही आपली पिवळी रानफुलं असायची हे फार थोड्यांना माहीत असतं. मला याचं खरंच वाईट वाटतं. टेकडीजवळ किंवा माळाजवळ राहत असाल तर तो लावू नका.

रानातून रोप उपटून आणणं

हे करूच नका. कासवर तर फुलं तोडायलाच मनाई आहे, आणि कुठल्याही सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, उपटलेलं आमरीचं (ऑर्किडचं) किंवा कंदाचं रोप अंगणात जगत नाही. त्याच्या मुळांभोवतीची बुरशी, तो कातळ, ते धुकं आपण बरोबर आणू शकत नाही. रोप तिथूनही जातं आणि इथेही मरतं.

बी मात्र आणता येतं, तेही आपल्याच भागातलं. शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी, गावच्या रस्त्याला तेरडा, कुर्डू, खुळखुळा भरपूर असतो. एका ठिकाणचं सगळं बी ओरबाडू नका, दहा झाडांतल्या एकाचं घ्या. कारळ्यासाठी तर किराणा दुकान पुरे. चटणीसाठी मिळणारे कारळे भाजलेले नसतील तर छान उगवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांच्या पिवळ्या फुलांवर सकाळी मधमाश्यांचा नुसता गजर असतो.

तेरड्याच्या बाबतीत एक चूक फार जण करतात. गौरीसाठी बाजारातून आणलेल्या तेरड्याच्या जुडीला बोंडं दिसली की तीच जपून ठेवतात. ती बहुतेक कच्ची असतात, आतलं बी पांढरट असतं आणि ते उगवत नाही. पिकलेलं बोंड फिकट पिवळसर होतं आणि फुगतं. बोट लावताच फटकन फुटतं, पाकळ्यासारख्या पट्ट्या आत वळतात आणि तपकिरी बी चार हात लांब उडतं. म्हणून बोंड पिकायच्या बेताला आलं की फांदीवर मलमलीची छोटी पिशवी सैलसर बांधायची. लहान मुलांना हे काम द्या, ती तासभर तिथून हलत नाहीत.

वळिवाला फसणं

मे महिन्यात एक जोरदार वळीव येतो, मातीचा वास सुटतो आणि हात शिवशिवतात. त्या ओलीवर पेरलं की बी चार-सहा दिवसांत तोंड वर काढतं, मग पंधरा दिवस ऊन, आणि कोवळी रोपं करपतात. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस पडू द्या, जमीन बोटभर खोल ओली राहू द्या, मग पेरा. कोकणात उलटी अडचण असते. तिथे पहिल्या मुसळधारेत बी वाहून वाफ्याच्या एका कोपऱ्यात गोळा होतं. तिथे पेरून झाल्यावर वर नारळाच्या झावळ्या अंथरायच्या आणि अंकुर दिसले की काढायच्या.

पेरताना आणखी दोन चुका होतात. पहिली, बी खोल पुरणं. कुर्डूचं बी खसखशीपेक्षा थोडं मोठं, काळं आणि चकचकीत. ते मातीआड गेलं की संपलं. वर भुरभुरायचं आणि तळव्याने दाबायचं, एवढंच. दुसरी, दाट पेरणं. आमच्या 60 चौरस फुटांना सगळं मिळून 15 ते 20 ग्रॅम बी पुरतं. एवढंसं बी हाताने सारखं पडत नाही, म्हणून ते दोन वाट्या कोरड्या वाळूत मिसळून आधी उभं, मग आडवं फेकायचं. वाळू फिकट असल्याने कुठे पडलं तेही दिसतं.

गोकर्ण आणि खुळखुळा यांच्या बियांची साल टणक असते. त्या तशाच टाकल्या तर काही या वर्षी उगवतात, काही पुढच्या. सँडपेपरवर हलकेच घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. सकाळी ज्या फुगल्या त्या पेरा, ज्या फुगल्या नाहीत त्या पुन्हा घासा.

तण समजून फुलंच उपटणं

सर्वांत जास्त वाफे इथे बिघडतात. जुलैत सगळं हिरवं एकसारखं दिसतं. घरातलं कोणीतरी मदतीच्या भावनेने बसतं आणि अर्ध्या तासात जागा "स्वच्छ" करतं.

उपाय सोपा आहे. पेरणीच्याच दिवशी पाच-सहा छोट्या कुंड्यांत एकेक जातीचं बी लावा आणि वर नाव लिहा. वाफ्यात काही उगवलं की कुंडीतल्या रोपाशी ताडून बघा. तेरड्याचा दांडा कोवळेपणीही काचेसारखा पाणीदार असतो. खुळखुळ्याचं पान टोकाशी रुंद, मधे किंचित खाचलेलं असतं. कुर्डू सुरुवातीला माठासारखा दिसतो, आणि ते साहजिक आहे, दोघं एकाच कुळातले. चुकून उपटलाच तर कोवळ्या पाल्याची भाजी करा, चांगली लागते.

तण कमी यावं म्हणून पेरणीआधी एक काम करा. मेच्या सुरुवातीला वाफ्याला पाणी द्या, जे उगवेल ते खुरपून टाका, पुन्हा पाणी द्या, पुन्हा खुरपा. दुसऱ्यांदा फक्त वरवर खुरपायचं. खोल खणलं की खाली झोपलेलं तणाचं बी वर येतं. हरळी आणि लव्हाळ्यापासून मात्र यातून सुटका होत नाही. लव्हाळ्याच्या गाठी हाताने शोधून काढाव्या लागतात, आणि पहिली दोन वर्षं ते काम चालू राहतं. गाजर गवत दिसलं तर फुलायच्या आत, हातमोजे घालून उपटा. काहींना त्याने अंगावर चट्टे उठतात.

कुठे काय बिघडलं

रात्रीत रोपं गायब झाली तर गोगलगायी. टॉर्च घेऊन नऊनंतर बघा, पानाखाली सापडतील. उचलून मिठाच्या पाण्यात टाका. वाफ्याभोवती राख पसरली तर त्या अडतात, पण पाऊस आला की राख पुन्हा टाकावी लागते.

पेरलेलं बी मुंग्या ओढून नेताना दिसलं तर वर बारीक माती चाळून अगदी पातळ भुरभुरा.

पानं खालून पिवळी पडून देठाशी कुज असेल तर पाणी साठतंय. खत घालू नका, चर काढा.

झाडं उंच, हिरवी, पण सप्टेंबर उजाडला तरी कळी नाही? एकतर माती फार सकस, नाहीतर ऊन कमी. सहा तास थेट ऊन नसेल तर जागा बदला. फक्त सकाळचं ऊन असेल तर एकट्या तेरड्यावर समाधान माना, त्याला अर्धी सावली चालते.

पानांना भोकं आणि त्यावर पट्टेरी अळ्या दिसल्या तर फवारणी करू नका. रुईच्या पानावर पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी असेल तर ती प्लेन टायगर फुलपाखराची. त्याच्यासाठीच तर वाफा केला. खुळखुळ्याच्या वाळत्या फांद्यांवर ब्लू टायगर येऊन तासन्‌तास बसतात, झाडातला कडू रस शोषतात. एका फवारणीत हे सगळं जातं.

लहान मुलं किंवा शेळ्या असतील तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. खुळखुळ्याच्या वाळक्या शेंगा वाजवायला मजा येते, पण बी विषारी असतं, तोंडात जाऊ देऊ नका. कळलावीचं फूल कितीही मोहवणारं असलं तरी तिचे सगळे भाग विषारी आहेत, कंद तर सर्वांत जास्त. घरात रांगतं मूल असेल तर ती लावूच नका.

घाईने कापणं

ऑक्टोबरच्या उन्हात वाफा तपकिरी होतो आणि शेजारी विचारू लागतात, "हे काढणार कधी?" हा प्रश्न मलाही दरवर्षी येतो, आणि मी दरवर्षी थांबायला सांगतो. तेव्हा कापलं तर पुढच्या वर्षीचं बी कचऱ्यात जातं. सोनकीचं बी कापसासारखं मोकळं होऊन उडू द्या, कुर्डूचे तुरे चिमटीत चोळल्यावर काळं बी सहज गळू द्या. नोव्हेंबरच्या मध्यावर एका कोरड्या दुपारी सगळं हातभर उंचीवर कापा, पेंढ्या तिथेच चार दिवस आडव्या पडू द्या, मग झटकून उचला. उचललेला पाला खत म्हणून परत त्याच वाफ्यात घालू नका, दुसऱ्या झाडांना द्या.

थोडं बी हाताशी असावं म्हणून कागदी पुड्या बांधा, प्लॅस्टिकमध्ये ओल राहिली की बुरशी येते. पुडीवर जात आणि तारीख लिहा, आत कडुनिंबाची चार वाळकी पानं टाका आणि डबा कोरड्या जागी ठेवा. जूनमध्ये वाफ्यात जिथे टक्कल दिसेल तिथे तेवढंच भुरभुरायचं. तिसऱ्या वर्षापासून आमच्याकडे तेही फारसं लागत नाही. तेरडा आता वाफ्यातून निघून पायरीच्या फटीत, न्हाणीच्या पन्हाळीजवळ, शेजारच्या कुंपणाखाली उगवतो, आणि गौरी यायच्या आदल्या दिवशी आळीतल्या बायका कात्री न आणता थेट मागायला येतात.