नवा रंग आधी ब्लाउजात आणा

डिसेंबर आला की पँटोन ही अमेरिकन कंपनी येत्या वर्षाचा रंग जाहीर करते. २००० सालापासूनचा हा शिरस्ता. २०२३ला त्यांनी गडद गुलबाशी काढला, २०२४ला फिका पीच, २०२५ला दुधाळ कॉफीचा तपकिरी आणि २०२६साठी चक्क पांढरा, नाव मात्र ‘क्लाउड डान्सर’. मग आमच्या शीतलामाता बाजारात गादीवर त्याच रंगाच्या साड्या उलगडायला लागतात आणि शेटजी म्हणतात, “बहनजी, अभी तो यही चल रहा है.”

मी इंदूरला लोकमान्यनगरात ब्लाउज आणि कुर्ते शिवते. चालू रंगाची अख्खी साडी घेऊन हौसेने येणारी बाई दोन-तीन वर्षांनी तीच साडी पिशवीत घालून येते आणि विचारते, “ताई, हिचं काही करता येईल का?” म्हणून माझा सल्ला ठरलेला आहे. नवा रंग आधी ब्लाउजात आणा, ड्रेस घालत असाल तर ओढणीत. ब्लाउजला पाऊण ते एक मीटर कापड लागतं, साडीला साडेपाच. मीटरभरात हौस भागते, शिवाय जुन्या साड्यांना नवा जोड मिळतो. फक्त दुकानात पीस हातात घेतला की तो ज्यांवर जाईल अशा घरातल्या तीन साड्या मनात आणायच्या. तिसरी आठवत नसेल तर पीस खाली ठेवायचा.

कपाट कधी काढायचं

परदेशातल्या फॅशनचं वर्ष दोन हंगामांचं, स्प्रिंग-समर आणि ऑटम-विंटर. आपल्या माळव्याला ते बेतत नाही. इथे मार्चच्या मध्यापासून ऊन तापतं, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, जूनच्या उत्तरार्धात पाऊस लागतो, तो गेला की ऑक्टोबरात पुन्हा घाम, आणि खरी थंडी दिवाळीनंतर. थंडीतसुद्धा दुपारचं ऊन चटकतं आणि रात्री शाल शोधावी लागते. त्यामुळे कपाट वर्षातून दोनदा काढावं, एकदा रंगपंचमी झाली की आणि एकदा पितृपक्षात. रंगपंचमीच्या आधी जुन्या कपड्यांचा एक गठ्ठा मात्र बाजूला काढा. राजवाड्यावरच्या गेरीत, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, घातलेला कपडा परत कपाटात ठेवण्याजोगा राहत नाही. पितृपक्ष मला यासाठी फार आवडतो. नवी खरेदी करायची नसते, त्यामुळे असलेल्याकडे नीट बघून होतं.

सकाळच्या उजेडात सगळं पलंगावर काढा आणि रंगांप्रमाणे लावा. साड्या एकीकडे, कुर्ते दुसरीकडे असं करू नका; हिरव्यात सगळं हिरवं, लालात सगळं लाल. आपल्या मराठी घरांत बहुतेक वेळा मरून आणि बाटली हिरव्याचे ढीग सर्वांत उंच निघतात, कारण लग्नकार्यात आहेरही त्याच रंगांचा येतो. ढीग उंच म्हणजे तो रंग आपल्याला शोभतो असं मुळीच नाही.

शोभतो का ते असं बघा. तोंड धुऊन, काही न लावता खिडकीसमोर आरसा घेऊन बसा. दोन लाल कापडं घ्या, एक कुंकवाकडे म्हणजे केशरी झुकणारं, दुसरं गुलबाशीकडे म्हणजे निळसर झुकणारं. आळीपाळीने हनुवटीखाली धरा. ज्याने डोळ्यांखालची काळी वर्तुळं ठळक होतात ते तुमचं नाही. हेच पुढे शुभ्र पांढरा आणि मोतिया यांच्याबाबतीत करा. सावळ्या वर्णाला फिकं नको, हे जुनं खूळ आहे आणि ते मला अजिबात मान्य नाही. अडचण वेगळीच असते. कापडाचा रंग आपल्या कातडीइतकाच गडद-फिका असला की गळ्याची कड दिसत नाही आणि चेहरा मलूल वाटतो. म्हणून तो पीच आपल्याकडे अनेकींना गेला नाही. त्यावर उपाय शिंप्याकडे आहे. गळ्याला आणि बाहीला मरून किंवा जांभळं पायपिंग लावून घ्या, तोच पीच उठून दिसतो. आणि ज्या रंगाशी चेहऱ्याचं अगदीच जमत नाही, तो सलवारीत वापरा, गळ्यापाशी नको.

मॅचिंगला जाताना

मोबाइलवर साडीचा फोटो काढून मॅचिंग सेंटरला जाणाऱ्या बायकांना मी हात जोडते. फोटोतला रंग खरा नसतो. साडीच न्या आणि दिवसा न्या. दोन कापडं वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली असतात, त्यामुळे दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली एकच दिसणारा हिरवा रस्त्यावरच्या उन्हात दोन प्रकारचा निघतो. थान दाराशी आणून दाखवा म्हणायला लाजू नका. रेशमी साडीवर सुती ब्लाउज घेताना तर हे हवंच, कारण रेशमाची चकाकी रंग फसवते.

रोजच्या वापराच्या ब्लाउजला टू बाय टू रुबिया हे कापड घ्या. अस्तर सुती असू द्या आणि शिवायला देण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा. न भिजवलेलं अस्तर पहिल्याच धुण्यात आटतं आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात. मग बोल शिंप्याला लागतात.

महेश्वरी असेल तर काम सोपं. तिचे काठ दोन्ही बाजूंनी सारखे विणलेले असतात, त्याला बुगडी म्हणतात. साडी कुठल्याही बाजूने नेसता येते. ब्लाउजचा रंग अंगापेक्षा त्या काठातून उचलावा, त्यातही जो रंग सगळ्यांत कमी दिसतो तो. महेश्वरच्या विणकरांकडे तपकीर, गुलबाशी, जामला, अंगूरी, डाळिंबी हे रंग कित्येक वर्षांचे आहेत. तेव्हा २०२५चा तो कॉफी-तपकिरी विकत घेण्याआधी सासूबाईंची ट्रंक उघडून बघा.

यंदाचा पांढरा, आणि आपलं ऊन

पँटोनचा हा पांढरा ना निळसर ना पिवळसर, मऊ आहे. उन्हाळ्यात आपल्याला सोयीचाच. मलमलचा कुर्ता, सुती महेश्वरी, संध्याकाळी सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला चंदेरी, सगळीकडे तो चालतो. चंदेरी पारदर्शक असते, तिच्याखालचा परकर पांढरा न घेता अंगाच्या रंगाचा घ्या, पांढरा परकर उलट जास्त दिसतो.

नुसता पांढरा मला सुना वाटतो. त्याला बाग प्रिंटची ओढणी द्या. धार जिल्ह्यातल्या बाग गावात खत्री छपाईकार हे काम करतात. एरंडेल, मीठ आणि शेळीच्या लेंड्यांत कापड मुरवायचं, हरड्याच्या पाण्यातून काढायचं, तुरटीच्या लेपाने लाल आणि लोखंडाच्या लेपाने काळं छापायचं, मग वाहत्या पाण्यात धुऊन अॅलिझरिन हा लाल रंग आणि धावडीची फुलं यांच्याबरोबर तांब्याच्या कढईत उकळायचं. लाल-काळ्याची ती ठेवण पांढऱ्यावर जी दिसते ती दुसऱ्या कशाने येत नाही. पहिलं धुणं वेगळं, गार पाण्यात. घरातल्या पुरुषमंडळींचंही त्यातच भागवा, पांढऱ्या कुर्त्यावर बाग प्रिंटचं जाकीट. बाकी त्यांना कुणी रंग शिकवावा असं त्यांना वाटत नाही.

पांढऱ्याला पथ्यं आहेत. काखेत घामाचे पॅड शिवून घ्या, वेगळे धुता येतात. निळीचं पाणी आधी नीट ढवळा, नाहीतर ठिपके पडतात. रेशीम-मिश्र कापडाला ब्लीच कधीही नको, ते पिवळं तर पडतंच, वर धागाही कुजतो.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगते. माळव्याची काळी माती पांढऱ्यावर बसली की निघत नाही, तेव्हा घोट्यापाशी येणारं सगळं गडद ठेवा, नेव्ही, मोरपंखी, जांभळं. जॉर्जेट आणि क्रेप लवकर वाळतात. बांधणी किंवा बाटिक नेसायचंच असेल तर रंग सुटतो का ते आधी आतल्या बाजूने ओलं पांढरं फडकं घासून बघा.

थंडीत तो तपकिरी बाहेर काढा, मोहरी पिवळ्याबरोबर किंवा राखाडी शालीखाली. संक्रांतीसाठी काळा ब्लाउज शिवताच, तो खणाचा न करता साधा सुती किंवा मखमली करा, म्हणजे वर्षभर दहा साड्यांवर जातो. नवरात्राच्या नऊ रंगांची यादी व्हॉट्सअॅपवर आली की नऊ ब्लाउज शिवायला धावू नका. ओढण्या मैत्रिणींत फिरवा.

जुन्या साडीला कात्री लावण्याआधी

घडी उजेडासमोर धरा आणि दोन्ही हातांनी हलकेच ताणा. रेशीम नेहमी घडीवर चिरतं. घडीवर रेघ दिसली तर अंगाचा कुर्ता करू नका. काठ आणि पदर तेवढे काढा आणि नव्या सुती कापडावर बसवा. घडी धड असेल तर एका साडीत कुर्ता आणि ओढणी निघते.

रंगवायची असेल तर ती सुती आहे की रेशमी की पॉलिएस्टर ते आधी कळलं पाहिजे. पदराचा एक धागा चिमट्यात धरून जाळा. कागदासारखा वास आणि मऊ राख आली तर सूत, केस जळल्याचा वास आला तर रेशीम, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. सूत आणि रेशीम रंगरेज घेतो, पॉलिएस्टर साध्या रंगात रंगत नाही. फिक्यावर गडद चढतो, गडदावर फिका नाही. शिवलेला कुर्ता रंगवायला देत असाल तर एक माहीत असू द्या, शिलाईचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो, तो जुन्याच रंगाचा राहतो आणि प्रत्येक शिवण दिसते. आधी रंगवा, मग शिवा.

ठेवताना जरीजवळ डांबराच्या गोळ्या नकोत, जर काळी पडते. लवंगा पुरचुंडीत बांधून मलमलीत गुंडाळा, दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. खळ दिलेली साडी तशीच ठेवली तर कसर लागते, धुऊन ठेवा.

निवड आणि मापं पितृपक्षात उरकलीत तर घटस्थापनेपासून शिलाई सुरू करता येते. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई लागली की आमच्या मशीनला उसंत नसते. देताना सांगा, बाजूच्या शिवणीत एकेक इंच माया, म्हणजे जादा कापड, ठेवा म्हणून. दिवाळीचा फराळ अंगी लागला तरी ब्लाउज उसवून सैल करता येतो.