शिपवर जाऊ की सेमिनरीत? पाचारण ओळखायचं कसं

आमच्या वास्कोच्या मराठी प्रेयर ग्रुपमध्ये एक पोरगा येतो, वय बावीस, हॉटेल मॅनेजमेंट झालंय, क्रूझ शिपवरच्या नोकरीसाठी एजंटकडे कागदपत्रं दिलीत, आणि लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, एका रिट्रीटला (प्रार्थना शिबिराला) जाऊन आल्यापासून डोक्यात घेऊन बसलाय की आपण सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत जावं आणि फादर व्हावं. परवा मीटिंगनंतर खुर्च्या रचता रचता म्हणाला, "दादा, देवाची मर्जी नेमकी काय ते कळणार कसं?" मी म्हटलं, मला काय विचारतोस बाबा, मी एसी रिपेर करणारा माणूस. पण घरी आल्यावर वाटलं, ह्याच प्रश्नात माझी सहा वर्षं गेलीत, तर जे कामाला आलं ते तरी लिहून टाकू. आमच्या घरात दोन चर्च आहेत, मी मूळ नगरकडचा प्रोटेस्टंट आणि बायको गोव्यातल्या साष्टीची कॅथलिक, त्यामुळे दोन्हीकडचं येईल, सांभाळून घ्या.

आधी शब्दाचं बघू. आपल्या मराठी बायबलात 'पाचारण' आहे, बायको कोंकणीत 'आपोवणें' म्हणते, म्हणजे साधं बोलावणं. पण गोव्यात हा शब्द काढला की लोकांना फक्त पाद्री आणि मादर (नन) आठवतात. हे चुकीचंय. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरने सोळाव्या शतकात साध्या कामधंद्याला, घरसंसारालाही पाचारणच म्हटलं, आणि कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन कौन्सिलने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६४ साली स्पष्ट लिहिलं की पवित्र जीवनाचं बोलावणं सगळ्यांनाच आहे. बायबलातला प्रेषित पौल करिंथ शहरात तंबू शिवायचा आणि उपदेशही करायचा. तेव्हा शिपवर जाणं म्हणजे देवाला नाही म्हणणं, असं समजूनच सुरुवात केलीत तर पुढचं सगळं वाकडं जाईल.

आता खरी गोष्ट. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत इग्नेशियस लोयोला नावाच्या सरदाराचा पाय तोफगोळ्याने मोडला. महिनोन्‌महिने खाटेवर. त्याला शूरवीरांच्या कथा वाचायच्या होत्या, घरात निघाली ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांची पुस्तकं. मग पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं बघायचा, एकात तलवार, दरबार, एका मोठ्या घराण्यातली बाई, दुसऱ्यात संतांसारखं अनवाणी जेरुसलेमला जाणं. गंमत अशी की दोन्ही बघताना मजाच यायची! फरक नंतर पडायचा. पहिलं स्वप्न संपलं की मन कोरडं, दुसरं संपल्यावर आनंद तसाच टिकून. ह्या एवढ्याशा निरीक्षणावरून पुढे त्याची सगळी आध्यात्मिक साधना उभी राहिली, जेझुइट हा पाद्री-ब्रदरांचा संघ उभा राहिला. मला विचाराल तर सगळी किल्ली इथेच आहे. करताना कसं वाटलं ते बघू नका, दुसऱ्या दिवशी तोंडात काय चव राहिली ते बघा.

तर करायचं काय? एक साधी वही घ्या, मोबाईल नको, मोबाईलवर लिहायला बसलं की माणूस रील बघत बसतो. रात्री झोपायच्या आधी पाच-दहा मिनिटं शांत बसा, प्रार्थना करा, दिवस सकाळपासून आठवा आणि दोनच ओळी लिहा, आज कुठे देवाच्या जवळ वाटलं आणि कुठे लांब. आणि दुसऱ्या सकाळी, पोदेर (पाववाला) हॉर्न वाजवत यायच्या सुमारास, कालच्या ओळीशेजारी लिहा की आता कसं वाटतंय. ही सकाळची ओळ बरेच जण गाळतात, तीच महत्त्वाची. निदान दोन-तीन महिने तरी करा, आठवड्याभरात काही दिसत नाही.

माझ्याच वहीतलं सांगतो. तेव्हा मला पास्टर व्हायचं होतं, किंवा मला तसं वाटत होतं. शनिवारची नोंद: "आज मी संदेश दिला, लोक रडले, फार आशीर्वाद मिळाला." रविवार सकाळ: "रात्री दोनपर्यंत झोप नाही, कोण काय बोललं तेच आठवत होतो, अमक्याने काहीच कौतुक केलं नाही." त्याच आठवड्यातला बुधवार: "बायणाच्या मावशीचा पंखा. कॅपॅसिटर गेलेला, दहा मिनिटांचं काम, पण तिने दोन तास सोडलं नाही, गेलेल्या मुलाच्या गोष्टी, दोन कामं चुकली, वैताग." गुरुवार सकाळ: "हलकं वाटतंय. का कोण जाणे." असं तीन-चार महिने, जवळजवळ दर वेळी तेच. माईक जड, मावशी हलकी. वही खोटं बोलत नाही, कारण लिहिताना आपल्याला माहीतच नसतं की पुढे काय निघणार आहे.

एक नियम इग्नेशियसचाच आहे आणि तो भिंतीवर लिहून ठेवा: मन उदास, कोरडं असेल तेव्हा आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. ब्रेकअप झालं म्हणून सेमिनरी, इंटरव्ह्यू गेला म्हणून बायबल कॉलेज, असले प्रकार मी बघितलेत. थांबा, मन ताळ्यावर येऊ द्या.

ठरवायची वेळ आलीच तर त्याने सांगितलेली पद्धत अशी: आधी मन तराजूच्या काट्यासारखं मधोमध आणायला बघायचं, म्हणजे काहीही निघालं तरी चालेल इतपत. (हे सगळ्यात कठीण, मला अजून जमत नाही.) मग दोन्ही वाटांचे फायदे-तोटे मांडायचे. मग कल्पना करा की कधी न बघितलेला एक माणूस तुमचीच अडचण घेऊन तुमच्याकडे आलाय, त्याला काय सल्ला द्याल? तोच सल्ला स्वतः पाळा. आणि समजा मरणाच्या खाटेवर आहात, तिथून मागे बघताना आज काय ठरवलेलं असावं असं वाटेल? त्या पोराला मी हे विचारलं तर तो बराच वेळ गप्पच बसला.

एकट्याने हे करू नका. बायबलातल्या लहानग्या शमुवेलाला देवाने हाक मारली तर तो धावला म्हाताऱ्या याजक एलीकडे, त्याला वाटलं म्हातारा बोलावतोय. एलीनेही दोनदा "जा, झोप" म्हणून परत पाठवलं, तिसऱ्यांदा त्याच्या लक्षात आलं. म्हणजे ज्याला अनुभव आहे त्यालाही पहिल्या झटक्यात कळत नाही, आणि हाक ऐकणाऱ्याला तर आवाज कोणाचा तेही कळत नाही. तुमच्या ओळखीचा फादर, पास्टर, एखादी जुनी सिस्टर, जो कोणी ऐकून घेतो आणि घाईने उत्तर देत नाही, तो गाठा. उलट जो पहिल्या भेटीत डोक्यावर हात ठेवून "प्रभूने मला दाखवलंय, तू मोठा सेवक होणार" म्हणतो, त्याच्यापासून जरा लांब. मला असाच एक बाहेरून आलेला वक्ता भेटला होता, त्या एका वाक्यावर मी चालू नोकरी सोडली आणि वर्षभर सासऱ्यांकडून पैसे घेतले.

आईचा नवसही तसाच. "एक मुलगा देवाला देईन" असं आईने म्हटलं असेल, पण ते तिचं बोलणं झालं, तुमचं पाचारण नव्हे. आईला दुखवू नका, पण हे स्वतःशी स्पष्ट असू द्या.

बाकी, हाक बहुतेक वेळा अगदी साध्या वेशात येते. ज्याच्या शवासाठी जुन्या गोव्यात एवढी गर्दी लोटते तो संत फ्रान्सिस झेवियर, इग्नेशियसचाच साथी, मुळात भारतात यायचाच नव्हता, बोबादिया नावाच्या सोबत्याचं नाव ठरलेलं, तो आजारी पडला म्हणून १५४० मध्ये ऐनवेळी ह्याला निघावं लागलं. ६ मे १५४२ ला गोव्यात उतरला, आणि आल्या आल्या आजाऱ्यांची सेवा, रस्त्यात घंटा वाजवून पोरांना गोळा करणं. आपल्या बाणावलीत जन्मलेल्या जुझे वाझ नावाच्या पाद्रीने ऐकलं की डचांच्या अमलाखाली लंकेतल्या कॅथलिकांना पाद्रीच उरला नाही, १६८७ मध्ये मजुराच्या वेशात तो तिथे पोचला, आणि १७११ मध्ये कँडीलाच वारला. एकाला दुसऱ्याच्या आजारपणाने नेलं, दुसऱ्याला गरजेने. म्हणून वहीत अजून एक ओळ वाढवा, आपल्या आजूबाजूला कसली कमी आहे जी मला वारंवार दिसते आणि इतरांना दिसत नाही?

शेवटी थोडं करून बघा. फादर व्हायचंय तर आधी चर्चमधल्या आजारी लोकांच्या घरी चार महिने जा, सेमिनरीवाल्यांच्या व्होकेशन कॅम्पला राहून या. आत गेल्यावरही कोणी लगेच बांधून ठेवत नाही, जेझुइटांत नोव्हिशिएट, म्हणजे सुरुवातीचा उमेदवारीचा काळच दोन वर्षांचा असतो, ते एकमेकांना पारखण्यासाठीच. शिपवर जायचंय तर एक कॉन्ट्रॅक्ट करा आणि वही सोबत न्या.

तो पोरगा गेल्या रविवारी परत भेटला. म्हणाला, अजून काही ठरलं नाही, पण आजीच्या डायलिसिसला आता तोच घेऊन जातो, आणि एजंटला सांगून मेडिकल पुढच्या महिन्यावर ढकललीय. वही मागितली तर दाखवली नाही.