सनस्क्रीन लावताना चेहऱ्यावर पांढरे कण सुटायचे: माझा अनुभव

व्हिटॅमिन सी सीरम, मॉइश्चरायझर आणि वर एसपीएफवालं क्रीम (म्हणजे सनस्क्रीन) चोळलं की खोडरबराच्या चुऱ्यासारखे कण सुटायचे. क्रीम बदललं, स्क्रब केला, प्रमाण निम्मं केलं (म्हणजे संरक्षणही घटलं!). रोज सकाळी नुसता वैताग.

जमलं ते असं: चेहरा धुऊन पूर्ण कोरडा केला. सीरमचे ४ थेंब लावले आणि ५ मिनिटं हात लावला नाही. मधलं डायमेथिकोनवालं (म्हणजे सिलिकॉन असलेलं) मॉइश्चरायझर बंद, कारण एसपीएफच्या क्रीममध्ये ओलावा असतोच. मग ब्रॉड स्पेक्ट्रम (यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही किरणांपासून वाचवणारं), एसपीएफ ३० चं तेच क्रीम दोन बोटं भरून, दोन वेळा विभागून, न चोळता थापलं. मेकअप १० मिनिटांनी.

सीरम गडद तपकिरी झालं असेल तर टाकून द्या, ते ऑक्सिडाइज झालेलं (हवेमुळे खराब झालेलं) असतं. उन्हात असाल तर क्रीम दर २ तासांनी पुन्हा.